‘विदर्भ’ शब्दाचे दोन अनुक्रम : आरेखक, आज्ञावलीकार आणि बंद पडलेले साधन

संगणकावरील एखादे साधन बंद पडले, की त्याच्या आधारे चाललेले सहकार्यही मोडते, असा समज सर्वत्र आढळतो. अक्षराला व पानाला रूप देणारा आरेखक आणि ते रूप यंत्रात चालते करणारा आज्ञावलीकार ह्या दोघांना साधनच एकत्र बांधते, हे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत टिकते, ह्याची परीक्षा मराठी मुद्रणाच्या अलीकडच्या इतिहासावरून करता येण्यासारखी आहे.

पृष्ठरचनेचे ‘पेजमेकर’ हे सॉफ्टवेअर आल्डस कंपनीने १९८५ साली बाजारात आणले. खिळ्यांची जुळणी मागे पडल्यावर नागपुरासह महाराष्ट्रातील अनेक छापखान्यांत पुस्तकांची व नियतकालिकांची पाने त्यावर लागू लागली. १९९४ साली ते अडोबीकडे गेले. २००१ साली त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती निघाली. २००४ साली त्याचा पुढील विकास थांबविल्याचे जाहीर झाले. परंतु देवनागरी लिपीचे म्हणून काही ज्ञान ह्या साधनाला नव्हतेच. रोमन लिपीसाठी आखलेल्या २५६ घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवून फॉन्ट तयार केले जात, आणि कोणता तुकडा कोणत्या घरात ठेवावयाचा हे प्रत्येक निर्माता आपापल्या सोयीने ठरवी. त्यामुळे एका फॉन्टातील परिच्छेद दुसऱ्या फॉन्टात नेला, की त्याचा अर्थहीन चिन्हांचा ढीग होई.

‘विदर्भ’ हाच शब्द उदाहरणादाखल घेऊ. अशा फॉन्टात तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठविला जाई : प्रथम वेलांटी, मग व, मग द, मग भ आणि शेवटी रफार. उच्चाराचा क्रम ह्याहून भिन्न आहे. तेथे इकार व-च्या मागून येतो आणि र हा भ-च्या आधी येतो. खिळे जुळविणाराही दिसणारा क्रमच पाळीत असे. पण त्यात हानी नव्हती. छपाई झाली की खिळे पुन्हा खणांत जात आणि वाचकासमोर केवळ कागद उरे. संगणकातील मजकूर मात्र छपाईनंतरही उरतो. त्यात शब्द शोधावयाचा असतो, त्याची अकारविल्हे सूची करावयाची असते, तो दुसऱ्या यंत्रावर न्यावयाचा असतो. ह्या कामांना उच्चाराचा क्रम लागतो. आरेखकाला हवे होते रूप, आज्ञावलीकाराला हवा होता वर्ण. आणि रूप म्हणजेच वर्ण असे मानून दोघांनीही वेळ निभावून नेली. पेजमेकरने त्यांच्यातील भेद मिटविला नव्हता. तो झाकला होता. साधन मागे पडताच तो उघडा पडला, एवढेच.

ह्या भेदाचे खरे उत्तर साधनात नव्हे, संकेतात सापडले. १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचे वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठविण्याची योजना झाली. १९९६ साली जाहीर झालेल्या ओपनटाइप ह्या रचनेमुळे त्या वर्णांना रूप देण्याचे नियम फॉन्टच्या पोटातच लिहिता येऊ लागले. र. कृ. जोशी ह्यांनी राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात असताना आरेखिलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर लोकांपर्यंत पोहोचला, तो ह्याच पद्धतीचा. त्याच्या सौंदर्याविषयी रसिकांत मतभेद होऊ शकतील. पण अशा फॉन्टात रफार भ-च्या माथ्यावर नेमका कोठे बसावा हे आरेखकाने ठरवावे लागते आणि तो तेथे केव्हा न्यावयाचा हे नियमात लिहावे लागते. एकाचे काम दुसऱ्याच्या कामावाचून पुरे होत नाही. सहकार्य म्हणावे ते ह्याला.

ह्यावर असा आक्षेप येईल, की संकेतही निर्दोष नसतो. आक्षेप रास्त आहे. ‘तऱ्हा’ किंवा ‘दऱ्या’ ह्या शब्दांतील अर्धा र मराठीला नित्याचा. पण तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही शब्द पडद्यावर सारखेच दिसतात, आणि यंत्राने विशेष काळजी घेतली नाही तर एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधता सापडत नाही. तथापि हा दोष लेखी नियमात असल्यामुळे तो दाखविता येतो आणि त्यावर वाद करता येतो. बंद फॉन्टातील दोषाविषयी तीही सोय नव्हती.

हा प्रश्न छपाईपुरता राहिलेला नाही. पडद्यावरील रचनांचे आराखडे, मोजमापे आणि त्यांवरील चर्चा एकत्र ठेवणारी ‘इनव्हिजन’ ही सेवा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. आरेखक व आज्ञावलीकार ह्यांचा निर्णय ज्यांनी अन्यत्र लिहून ठेवला, त्यांचे केवळ साधन गेले. ज्यांनी तो त्या सेवेतच राहू दिला, त्यांचा निर्णयही गेला.

ज्या नागपुरात १९२३ पासून विद्यापीठ आहे आणि विदर्भ साहित्य संघाचे केंद्र आहे, तेथे ह्या विवेचनाचा निष्कर्ष केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहू शकत नाही. पेजमेकरच्या काळात सिद्ध झालेले ग्रंथ कागदावर वाचता येतात. त्यांच्या फाइली मात्र मूळ फॉन्टच्या घरांची कोष्टके मिळतील तेव्हाच युनिकोडमध्ये नेता येतात, आणि तसे केल्यावरही वेलांटी व रफार आपल्या जागी गेले की नाही हे मराठी जाणणाऱ्यानेच तपासावे लागते. आरेखक आणि आज्ञावलीकार ह्यांच्या जोडीला हा तिसरा माणूस बसणे अवश्य आहे. तो विद्यापीठांच्या मराठी विभागांतून आला नाही, तर ‘विदर्भ’ हा शब्द विदर्भाच्याच ग्रंथांत शोधून सापडणार नाही.