प्रयोगकर्त्या नटाची निर्मितिप्रक्रिया : सांगली-सातारा परिसरातील नाट्यपरंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककाराच्या निर्मितीचा जेवढा विचार केला आहे, तेवढा नटाच्या निर्मितीचा केलेला दिसत नाही. नाटककाराची संहिता छापली जाते, ती अभ्यासक्रमात नेमली जाते आणि तिच्यावर प्रश्नही विचारले जातात. नटाची निर्मिती मात्र पडदा पडताच संपते. मागे उरतात त्या प्रेक्षकांच्या आठवणी, काही छायाचित्रे आणि थोड्याफार ध्वनिमुद्रिका. त्यामुळे नटावरील लेखन बहुधा गौरवपर होते. 'दैवी देणगी', 'तन्मयता', 'भूमिकेशी समरसता' अशा शब्दांपाशी ते थांबते. नट भूमिका घडवतो कशी, त्या घडणीत त्याला स्वातंत्र्य किती असते आणि ते कोठे असते, हे प्रश्न अनुत्तरित राहतात.

या प्रश्नांच्या विचारासाठी सांगली-सातारा परिसर विशेष उपयुक्त आहे. मराठी नाटकाचा पहिला उल्लेखनीय प्रयोग सांगलीत झाला, गद्य नाटकाची एक प्रभावी मंडळी साताऱ्याच्या नावाने गाजली आणि संगीत नाटकाचे शिखर मानला गेलेला नट याच भागातील नागठाणे येथे जन्मला. या तीन टप्प्यांत नटाचे निर्मितीचे स्वातंत्र्य नाहीसे झाले नाही, तर त्याची जागा बदलत गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विष्णुदास भावे : बोलण्यातील स्वातंत्र्य

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव उर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी तशा प्रकारचे खेळ मराठीत रचण्याची जबाबदारी विष्णुदास भावे यांच्यावर सोपविली. त्यातून १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. ५ नोव्हेंबर हा दिवस आजही रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ.

भावे यांच्या नाटकांत लिखित भाग होता तो पदांचा. सूत्रधार पदे म्हणून कथानक पुढे नेई आणि त्या त्या प्रसंगी पात्रे आपले भाषण आयत्या वेळी करीत. म्हणजे आज ज्याला संवाद म्हटले जाते, तो नटाच्या स्वाधीन होता. पुराणकथा प्रेक्षकांना आणि नटालाही कीर्तन-प्रवचनांमुळे ठाऊक असे. ठाऊक असलेल्या कथेत आज काय बोलायचे, किती बोलायचे आणि कोठे थांबायचे, हे नटच ठरवीत असे. १८८५ मध्ये भाव्यांनी आपल्या रचना 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने प्रसिद्ध केल्या. त्या ग्रंथात पदे आहेत. नटांची भाषणे नाहीत. आरंभीच्या नटाचे योगदान छापील पानांवर आले नाही, याचे कारण ते आधी लिहिलेलेच नव्हते.

या स्वातंत्र्याला मर्यादाही होत्या. राक्षसपात्रांचा आरडाओरडा हाच अभिनय समजला जाऊ लागला आणि या नाटकांना 'अललडुर्र' असे चेष्टेचे नाव पडले. बंधन नसले की नट आपल्या हुकमी युक्त्यांकडे वळतो, याचे हे पहिले उदाहरण होय. तरीही बोलण्याची निर्मिती नटाची होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

शाहूनगरवासी मंडळी : तालमीतील स्वातंत्र्य

शाहूनगर म्हणजे सातारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शाहूनगरवासी नाटक मंडळीने गद्य नाटकांचे प्रयोग करून मोठा लौकिक मिळविला. गणपतराव जोशी (१८६७-१९२२) हे तिचे प्रमुख नट, तर बाळाभाऊ जोग त्यांच्यासमोर स्त्रीभूमिका करीत. 'त्राटिका' नाटकातील या जोडीचा अभिनय दीर्घकाळ चर्चेत राहिला.

गणपतरावांची सर्वांत गाजलेली भूमिका 'विकारविलसित'मधील चंद्रसेनाची, म्हणजे हॅम्लेटची. हे भाषांतर गोपाळ गणेश आगरकरांचे. त्यांचा जन्म १८५६ मध्ये सातारा जिल्ह्यातील टेंभू या गावी झाला. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यांनी हे काम केले आणि १८८३ मध्ये नाटक प्रसिद्ध झाले. शेक्सपिअरच्याच 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' हे नाटक रचणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यातील नायकाची भूमिकाही गणपतरावांनी गाजविली. अशा रीतीने या परिसरातील दोन लेखकांच्या संहिता एकाच नटाच्या कसोटीस लागल्या.

येथे नटाची स्थिती भाव्यांच्या नटाच्या नेमकी उलट झाली. प्रत्येक शब्द लेखकाने ठरविलेला होता आणि आधाराला पदही नव्हते. सूत्रधाराच्या गाण्याने भारावण्याची सवय असलेल्या प्रेक्षकासमोर एका माणसाने दीर्घ गद्य स्वगत बोलायचे होते. आपल्याच मनाशी चाललेला विचार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल, तरी तो व्याख्यान वाटणार नाही, असे बोलणे हे साधे काम नव्हे. शब्द बदलता येत नसल्याने नटाच्या हाती विराम, स्वराची चढउतार, दृष्टी आणि देहाची ठेवण एवढीच साधने राहिली. त्यांची निवड प्रयोगाच्या वेळी आयत्या वेळी करणे शक्य नसते. ती तालमीत होते. पुन्हा पुन्हा म्हणून पाहणे, टाकून देणे, पुन्हा धरणे ही तालमीची रीत म्हणजे लेखकाच्या खाडाखोडीसारखीच एक निर्मितिप्रक्रिया होय. ती लिहिली जात नाही एवढाच फरक. गणपतरावांना 'महाराष्ट्राचे गॅरिक' म्हटले गेले. या उपमेने त्यांचा गौरव झाला, परंतु त्यांच्या परिश्रमाचे स्वरूप मात्र झाकले गेले.

बालगंधर्व : गायनातील स्वातंत्र्य

नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व यांचा जन्म १८८८ मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे येथे झाला. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि १९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्यांच्या घडणीत या परिसराचा वाटा मोठा आहे. तालीममास्तर म्हणून ख्याती असलेले देवल हरिपूरचे, तर 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे.

बालगंधर्वांच्या निर्मितीचे दोन भाग पाडावे लागतात. पहिला भाग तालमीत घडलेल्या भूमिकेचा. स्त्रीची चाल, पदर सावरणे, नजर, लाजणे या सर्वांचे त्यांनी एक सुसंगत रूप तयार केले. १९१९ मध्ये 'एकच प्याला'तील सिंधू उभी करताना उंची वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या नटाने दारिद्र्याचा वेष पत्करला. आपल्या लोकप्रियतेचे एक प्रमुख साधन भूमिकेच्या गरजेपुढे बाजूला ठेवणे, हा जागरूक कलावंताचा निर्णय होता.

'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाची हकिकत या संदर्भात पुन्हा तपासली पाहिजे. १२ मार्च १९११ रोजी त्यांच्या लहान मुलीचे निधन झाले असताना त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही घटना नेहमी कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तथापि निर्मितिप्रक्रियेच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. नटाला जो भाव दाखवायचा असतो, तो त्या क्षणी त्याच्या मनात असावाच लागतो, हे मत या घटनेपुढे टिकत नाही. फ्रेंच विचारवंत दिदेरो याने नटाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच विरोधाभास मांडला होता. भामिनीचा तोरा त्या रात्री उभा राहिला तो तालमीच्या बळावर. 'समरसता' या शब्दाने या साधनेचा उलगडा होत नाही.

दुसरा भाग गायनाचा. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गुरूची तालीम आणि त्यांच्या चाली लाभल्यामुळे १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये नाट्यपदाला ख्यालगायकीचा विस्तार मिळाला. गद्य संवादात नटाला शब्द बदलता येत नव्हते. पदात मात्र तीच ओळ तो दर वेळी वेगळ्या रीतीने मांडू शकत होता. भाव्यांच्या नटाचे आयत्या वेळचे स्वातंत्र्य अशा रीतीने गाण्याच्या वाटेने परत आले. रुक्मिणीच्या मनातील आर्जव एकाच शब्दाच्या निरनिराळ्या उच्चारांतून उलगडणे ही केवळ गायकाची करामत नव्हती. ती अभिनयाचीही निर्मिती होती.

परंतु याच ठिकाणी संकटही उभे राहिले. 'वन्समोअर'च्या मागणीला नट प्रतिसाद देऊ लागला की पात्र थांबते आणि गवई उरतो. प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागले. कथानकाची गती पदांच्या स्वाधीन झाली. देवलांचे निधन १९१६ मध्ये झाले. नटाला 'हे नको' असे अधिकाराने सांगणारा माणूस गेल्यावर प्रेक्षकांची दाद हाच एक निकष उरतो, असे पुढील इतिहासावरून म्हणता येते. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु चित्रपटाच्या माध्यमात ते रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले. दरम्यान मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतःच स्त्रीभूमिका करू लागल्या होत्या. स्त्रीरूपाचा जो साचा बालगंधर्वांनी परिश्रमाने घडविला, तो पुढे त्यांनाच मोडता आला नाही. रसिकांच्या प्रेमाने हा दोष झाकला. समीक्षेने तो झाकण्याचे कारण नाही.

तमाशा : न छापलेली परंपरा

आयत्या वेळी बोलण्याची भाव्यांच्या नटाची रीत नागर रंगभूमीने सोडली, तरी याच परिसरातील तमाशाने ती जपली. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात बतावणी म्हणजे जवळजवळ पूर्णपणे नटाची निर्मिती. पारंपरिक वगातही कथासूत्र आणि पदे ठरलेली असतात. संवाद मात्र समोरच्या गावाचा, त्या दिवसाच्या वार्तेचा आणि सोबतच्या नटाच्या बोलण्याचा अंदाज घेत घडतात. सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या काळू-बाळू या जोडीने गाजविलेल्या 'जहरी प्याला' वगातील हवालदारांच्या भूमिका या दृष्टीने अभ्यासण्यासारख्या आहेत. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने कसा उचलायचा, हे तेथे वर्षानुवर्षांच्या सोबतीतून ठरते.

रेठरे हरणाक्ष येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या पठ्ठे बापूरावांच्या लावण्या आज छापील स्वरूपात वाचता येतात, अभ्यासक्रमातही येतात. परंतु त्या ज्या कलावंतांच्या गळ्यातून आणि अदाकारीतून लोकांपर्यंत पोहोचल्या, त्या पवळासारख्या कलावंतांच्या निर्मितीची नोंद वाङ्मयेतिहासात अपवादानेच आढळते. लिहिणाऱ्याला कवी म्हणायचे आणि सादर करणाऱ्याला केवळ माध्यम समजायचे, ही दृष्टी लेखनाला दिलेल्या अवाजवी महत्त्वातून आली आहे. तमाशा कलावंतांच्या सामाजिक स्थानामुळे ती अधिकच दृढ झाली, हेही नाकारता येत नाही.

निष्कर्ष

प्रयोगकर्त्या नटाची निर्मिती एका जागी स्थिर नसते. भाव्यांच्या काळी ती बोलण्यात होती, शाहूनगरवासी मंडळीत तालमीतील निवडीत आणि बालगंधर्वांपाशी स्वरविस्तारात. स्वातंत्र्याला बंधनाची जोड असेपर्यंत ती वाढते. संहिता, तालीममास्तर किंवा सोबतचा नट यांपैकी कोणीही रोखणारा नसला, तर केवळ टाळ्यांच्या आधारावर ती साचेबंद होते. 'अललडुर्र' नाटके आणि 'वन्समोअर'मध्ये अडकलेले संगीत नाटक यांची उंची फार वेगळी असली, तरी त्यांच्या ऱ्हासाचे कारण एकच आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. 'संगीत शारदा' शिकविताना जरठ-बाला विवाहाचा प्रश्न आवर्जून मांडला जातो. त्याबरोबरच, वृद्धाशी लग्न ठरलेल्या मुलीचे दुःख पुरुष नटाने कोणत्या साधनांनी उभे केले असेल, हाही प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. नाटकाचा एखादा प्रवेश विद्यार्थ्यांकडून तीन निरनिराळ्या रीतींनी वाचून घेतला, तरी अर्थ संहितेत पूर्णपणे सामावलेला नसतो, हे त्यांच्या ध्यानात येईल. सांगली-सातारा परिसरातील जुन्या नटांच्या, तमाशा कलावंतांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या तालमींविषयीच्या आठवणी लिहून घेण्याचे काम येथील मराठी विभाग करू शकतात. जी निर्मिती पडद्याबरोबर संपते, तिचा अभ्यासही तिच्याबरोबर संपू देणे योग्य नव्हे.