रेवदंड्याचे दगड आणि कोर्लईची बोली

पनवेलहून पेण, अलिबाग, चौल मागे टाकीत निघालेली धर्मग्रामाची सहल रेवदंड्याच्या कोटात सातखणी बुरुजापाशी थांबते. मंडळी मान वर करून पाहतात, छायाचित्रे निघतात आणि कुणीतरी हमखास उद्गारते, 'फादर, केवढं हे आपलं वैभव!' या 'आपलं' शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो. आपल्या स्मरणिकांतून आणि सणाच्या विशेषांकांतून या अवशेषांवर जे लिहिले जाते त्याचा सारा डोलारा याच शब्दावर उभा असतो. तो पेलेल की नाही, हे सहसा कुणी तपासून पाहत नाही.

इतिहास थोडक्यात असा. पोर्तुगीज चौलच्या किनाऱ्यावर 1505 मध्ये आले. 1521 मध्ये त्यांना निजामशाहीकडून येथे ठाणे बांधण्याची परवानगी मिळाली. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर त्यांनी 1594 मध्ये लढून घेतला. 1739 मध्ये वसई पडली आणि पाठोपाठ 1740 मध्ये रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे गेले. सव्वादोनशे वर्षांच्या आतला हा कारभार. पण तेवढ्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, येशूसंघीय आणि ऑगस्टिनियन अशा चार संघांची ख्रिस्तमंदिरे एकाच तटबंदीत उभी राहिली.

वास्तू म्हणून पाहू गेल्यास सातखणीचे कौतुक मला फारसे पटत नाही. संत बार्बराच्या नावाचा हा बुरूज सुमारे 95 फूट उंच होता असे जुने गॅझेटियर सांगते. संत बार्बरा ही गोलंदाजांची आश्रयदाती. बुरूज होता ख्रिस्तमंदिराचा, पण त्याचा डोळा समुद्रावर होता. त्यापेक्षा डॉमिनिकन मंदिराच्या गर्भगृहावरचा कमानदार छताचा उरलेला भाग पाहावा. तेथे दगड नमला आहे. संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाची कपेल तर इतकी लहान की सहलीतली मंडळी ती ओलांडूनही जातात. सबंध कोटात गुडघे टेकावेसे वाटते ते मात्र तेथेच. कोर्लईच्या किल्ल्यावर याउलट. डोंगराची अरुंद सोंड आडव्या भिंतींनी कप्प्याकप्प्यांत विभागलेली, दरवाजामागून दरवाजा, आणि त्यांच्या मधोमध छप्पर हरपलेले मंदिर. क्रूस आणि तोफ एकाच तटात. हे मंदिर शिबंदीसाठी होते, आणि त्याच्या बांधणीत ते लपलेले नाही.

मग 'आपलं' म्हणजे कुणाचं? 1740 मध्ये ज्यांना गोव्याची वाट धरणे शक्य होते ते गेले. मागे राहिले ते चाकर, गुलामगिरीतून आलेले, बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिक स्त्रियांची मुलेबाळे. किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई गावात त्यांची वस्ती टिकली. शेजारच्या समाजाशी त्यांचा रोटीबेटीव्यवहार नव्हता. जातीने आणि धर्माने त्यांच्याभोवती जे कुंपण घातले त्याच्या आत त्यांची बोलीही जगली. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्य मात्र मराठीसारखे, क्रियापद शेवटी ठेवणारे. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तिच्यावर 1996 मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या स्मरणिकांनी तिला किती पाने दिली?

येथे मला माल्टा आठवतो. त्या बेटावर प्रेषित पौलाचे गलबत फुटले होते, आणि तेथील लोकांनी पावसात आग पेटवून त्याला ऊब दिली, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठ्ठावीसाव्या अध्यायात आहे. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली. तेथील कॅथलिक आजही देवाला 'अल्ला' म्हणून हाक मारतात. आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढा देश, पण त्याने ही भाषा 1934 मध्ये राजभाषेच्या पदाला नेली. त्याच देशात गोझो बेटावर शेवकिया नावाचे गाव आहे. विसाव्या शतकात गावकऱ्यांनी आपल्या जुन्या मंदिराभोवती प्रचंड घुमटाचे नवे मंदिर उभारले. जुने पाडावे लागले. पण त्याचे कोरीव दगड शेजारच्या दालनात जपून मांडले आहेत. घुमट जरा दिमाखदारच आहे, एवढ्या छोट्या गावाला त्याची गरज होती का, असे कुणी विचारले तर मी वाद घालणार नाही. दगड जपण्यातली कृतज्ञता मात्र खरी आहे. आपल्याकडे जुनी वेदी उतरवली की तिचे लाकूड कुठे जाते, हे मी येथे लिहीत नाही. वाचकांना ठाऊक आहे.

दोष केवळ श्रावकांचा नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर लॅटिनच्या जागी मराठीत मिस्सा आली, आणि ते योग्यच झाले. मी स्वतः त्या मराठीचा ऋणी आहे. पण लोकभाषेचा आग्रह धरताना कोर्लईच्या लोकांची भाषा कोणती, हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंच्या मनात क्वचितच आला. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची गोष्ट पाहा. 1616 मध्ये छापलेल्या त्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी त्याच्या नकला केल्या म्हणून, देवळात आणि घरी तो मोठ्याने म्हटला म्हणून. रेवदंड्याच्या भिंतींना पुरातत्त्व खात्याच्या पाटीचा तरी आधार आहे. घरात बोलली जाणारी बोली राखायला तशी पाटी कुठे लावणार?

काही वर्षांपूर्वी पनवेलमध्ये मुलाकडे राहायला आलेल्या कोर्लईच्या एका वृद्धेला मी रुग्णाभ्यंग देण्यास गेलो होतो. मी मराठीत प्रार्थना म्हणत होतो आणि ती शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने डोळे मिटले आणि आपल्या बोलीत पुटपुटायला सुरुवात केली. मला त्यातले 'मारिया' एवढेच कळले. उशाशी बसलेल्या नातीला मी विचारले, 'आजी काय म्हणतेय, बाळ?' ती ओशाळून म्हणाली, 'फादर, मला थोडं थोडंच येतं.' मग आजीच्या तोंडाजवळ कान नेऊन ती एकेक शब्द मराठीत सांगू लागली, आणि आजी तिच्यासाठी सावकाश म्हणू लागली.