पुनर्मुद्रित तबकडी : जतन, निवड आणि पाठाचा प्रश्न

एखादा जुना ग्रंथ पुन्हा छापून आला की मराठी अभ्यासक काही ठरावीक प्रश्न विचारतो. हा पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला? ती प्रत कोठे मिळाली? काय गाळले आणि काय जोडले? संपादन कोणी केले आणि कोणत्या वाचकासाठी? भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती किंवा वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ (१९७८) यांसारख्या कामांनी या प्रश्नांना शिस्त दिली. ध्वनिमुद्रित पाठाच्या बाबतीत मात्र ही शिस्त अद्याप रुजलेली नाही. गेल्या काही दशकांत १९७० च्या आसपासच्या अल्पज्ञात रॉक, लोकशैलीतील आणि ब्लूज वळणाच्या ध्वनिमुद्रिका व्हिनाइल तबकड्यांच्या रूपाने पुन्हा काढण्याचा एक जागतिक व्यवसायच उभा राहिला आहे. त्यात भारतीय तबकड्याही आहेत. हे पुनर्मुद्रण म्हणजे जुन्या वस्तूचे जतन, एवढ्यावर चर्चा सहसा थांबते. वस्तुतः पुनर्मुद्रण हे एक वाचन असते. ते निवड करते, नाव देते, क्रम लावते आणि या सर्व कृतींना इतिहासाचे रूप देते. ते वाचन तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या व्यवसायात दिल्लीचे स्थान प्रामुख्याने ‘प्रत सापडण्याचे ठिकाण’ असे राहिले आहे. फाळणीनंतर लाहोरहून चांदणी चौकात आलेले न्यू ग्रामोफोन हाउस, जामा मशिदीलगतच्या मीना बाजारातील जुन्या तबकड्यांची दुकाने आणि रद्दीचा बाजार यांतून संग्राहकांच्या पिढ्या घडल्या. याचे सर्वांत बोलके उदाहरण रॉकच्या थोडे बाहेरचे आहे, पण प्रक्रिया स्पष्ट करणारे आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने काढली आणि ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये तिची एक प्रत दिल्लीत मिळाली. २०१० मध्ये त्याने ती युरोपात पुन्हा प्रसिद्ध केली आणि शिकागोतील ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताची ही पूर्वसूरी आहे असा बोलबाला झाला. रागांच्या स्वरावलींना यंत्रतालाची जोड देणारा एका अनुभवी वादकाचा प्रयोग दुसऱ्याच परंपरेचा अनपेक्षित पूर्वज ठरला. चरणजित सिंग यांना उतारवयात परदेशातील मंच मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु त्यांना मिळालेले स्थान शिकागोच्या इतिहासातील होते, मुंबईच्या वाद्यवृंदांच्या इतिहासातील नव्हते.

हीच प्रक्रिया रॉक तबकड्यांत अधिक ठळकपणे दिसते. ‘सिमला’ या सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी इंपीरिअल टोबॅको कंपनीने मुंबईत भरवलेल्या स्पर्धेतून ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’ या दोन तबकड्या निघाल्या. कलकत्त्याचा ग्रेट बेअर, शिलाँगचा फेंटोन्स असे दूरदूरच्या शहरांतील गट त्यांत एकत्र आलेले आहेत. पुढे युरोपातील छोट्या प्रकाशनसंस्थांनी त्या पुन्हा काढल्या, तेव्हा त्यांची ओळख ‘सायकेडेलिक’ या विशेषणाने करून देण्यात आली. मूळ तबकडीच्या नावातला शब्द मात्र ‘बीट’ हा आहे. तत्कालीन महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडी ‘बीट ग्रूप’ हीच संज्ञा होती. तिच्यात नाचाची संध्याकाळ, हॉटेलातील वादनाची नोकरी, आंतरमहाविद्यालयीन चढाओढ आणि जाहिरातदाराचा पैसा हे सर्व सामावलेले होते. ‘सायकेडेलिक’ म्हटल्याबरोबर हा संदर्भ गळून पडतो आणि त्या जागी सॅन फ्रान्सिस्कोचे दूरचे प्रतिबिंब उभे राहते. तौलनिक साहित्याभ्यासाला हा अनुभव नवीन नाही. ग्रहण करणारी संस्कृती आपल्या साहित्यप्रकारांच्या नावांनीच परकीय कृतीला ओळखते, आणि कालांतराने ते नाव मूळ कृतीचाच गुणधर्म आहे असे वाटू लागते.

दुसरे उदाहरण मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या गटाच्या ‘ऑब्सेशन ’७७’ या तबकडीचे. शीर्षकात १९७७ हे साल असले तरी ती बाजारात आली १९८१ मध्ये, म्हणजे गटाचा बहराचा काळ सरल्यानंतर. २०११ मध्ये ‘नाउ-अगेन’ या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने गटाच्या ध्वनिमुद्रणांची नवी आवृत्ती काढली. येथे अभ्यासकासमोर किमान तीन कालबिंदू उभे राहतात : वादनाचा काळ, शीर्षकात नोंदलेला काळ आणि प्रकाशनाचा काळ. ही कृती १९७० च्या दशकाच्या मध्यावर ठेवली तर ती पाश्चात्त्य रॉकची जवळजवळ समकालीन ठरते. १९८१ मध्ये ठेवली तर ती डिस्कोच्या लाटेत मागे राहिलेली, उशिरा पोहोचलेली कृती ठरते. त्यांतील पहिली कालनिश्चिती विक्रीला सोयीची आहे. दोन्हींचा ताळा घालणे हे संपादकाचे काम होय.

कालनिश्चितीइतकाच महत्त्वाचा प्रश्न प्रतीचा आहे. मूळ चुंबकीय फीत उपलब्ध नसेल तर पुनर्मुद्रण अनेकदा एखाद्या बऱ्या अवस्थेतील तबकडीवरूनच केले जाते. सुई फिरवून मिळालेला ध्वनी संगणकावर स्वच्छ केला जातो, खरखर काढली जाते, खालचे स्वर उठावदार केले जातात आणि त्यावरून नवा साचा तयार होतो. पोथीवरून पोथी उतरवताना लेखनिक जसा दुर्बोध जागा आपल्या समजुतीने सुबोध करतो, तसाच हा प्रकार आहे. स्वच्छ झालेला आवाज हा मूळ आवाज असतोच असे नाही. मूळ तबकडीवर, लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात, कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो. त्यावरून मुद्रणाची ओळख पटवता येते. पोथीच्या शेवटी असणाऱ्या पुष्पिकेचेच कार्य तो करतो. पुनर्मुद्रित प्रतीवर नवा क्रमांक येतो. जुना कोणता होता आणि आधार कोणत्या प्रतीचा घेतला, हे वेष्टनावर छापलेले नसेल तर पाठाची वंशावळ तेथेच खंडित होते.

या प्रश्नाला हक्कांचीही एक बाजू आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे त्याचा निर्माता, गायक-वादक नव्हे. १९९२ च्या दुरुस्तीने हा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांचा झाला. म्हणजे १९७० ची तबकडी २०३० अखेरपर्यंत आणि १९८१ ची २०४१ अखेरपर्यंत हक्काच्या कक्षेत राहते. सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. तत्पूर्वीच्या करारांत वादकाच्या अशा हक्काला कायद्याचा आधार नव्हता. परिणामी आपली तबकडी पुन्हा निघावी की नाही, कोणत्या नावाने निघावी, याविषयी वादकाचा शब्द बहुधा प्रकाशनसंस्थेच्या सदिच्छेवर अवलंबून राहतो. जुन्या वादकाला शोधून काढणे, त्याची मुलाखत घेणे आणि ती वेष्टनात छापणे हे काही संस्था मनापासून करतात. तथापि जे कर्तव्य म्हणून व्हायला हवे ते केवळ सौजन्य म्हणून होते.

येथवर जे तबकडीवर आले त्याचा विचार झाला. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने याहून गंभीर प्रश्न जे तबकडीवर आलेच नाही त्याचा आहे. अरुण कोलटकर यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत गीते लिहिली. ब्लूज आणि रॉक यांच्या लयीवर त्यांची बांधणी होती, त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे प्रयत्नही झाले, परंतु तबकडी निघाली नाही. ही गीते वाचकांपुढे आली ती कवीच्या २००४ मधील निधनानंतर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ (२००९) या पुस्तकातून. ‘जेजुरी’ (१९७६) रचणारा आणि मुंबईच्या रस्त्यावरील बोलीला मराठी कवितेत जागा देणारा कवी त्याच सुमारास ब्लूजचा आकृतिबंध हाताळत होता, ही गोष्ट त्या कवितेच्या लयीविषयी बरेच काही सांगते. पण पुनर्मुद्रणांतून घडलेल्या भारतीय रॉकच्या चित्रात कोलटकरांना स्थान नाही, कारण त्यांच्या नावाची मूळ तबकडीच नाही.

नंदू भेंडे यांचे उदाहरण याला पूरक आहे. आत्माराम आणि आशा भेंडे या मराठी रंगभूमीवरील दांपत्याचा हा मुलगा मुंबईच्या रॉक गटांत गायला. १९७४ मधील ॲलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या प्रयोगात त्याने ज्यूडासची भूमिका केली. आणि १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुशची भूमिका करताना तोच आवाज मराठीत आला. ब्रेख्तचे नाटक, पु. ल. देशपांडे यांचे रूपांतर, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि इंग्रजी रॉकमध्ये घडलेला गळा यांचा हा संगम तौलनिक अभ्यासाला आदर्श ठरावा असा आहे. इंग्रजी गाणारे हे तरुण मुळे नसलेले अनुकरणवादी होते, हा देशीवादी चौकटीतून सहज निघणारा निष्कर्ष येथे अपुरा पडतो. त्याचप्रमाणे ते पाश्चात्त्य परंपरेचे विस्मृत सहप्रवासी होते, हे पुनर्मुद्रणांनी सुचवलेले चित्रही अपुरे पडते. त्यांच्यातील काही जण दोन भाषांच्या दरम्यान ये-जा करत होते, आणि नेमकी ती ये-जा दोन्ही चित्रांतून निसटली आहे.

पुनर्मुद्रणांवरील ही टीका करताना एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. ज्या कंपन्यांनी या तबकड्या काढल्या, त्यांनी त्या दशकानुदशके बाजारात ठेवल्या नाहीत. परदेशी संग्राहकाने प्रत उचलली नसती तर ती रद्दीतच गेली असती. सदोष आवृत्ती आवृत्तीच्या अभावापेक्षा बरी, हे म्हणणे वजनदार आहे. इंग्लंडमधील लोकशैलीतील गायिका व्हॅष्टी बन्यन यांच्या १९७० च्या तबकडीला त्या वेळी श्रोते मिळाले नाहीत. २००० मध्ये ती पुन्हा निघाली आणि २००५ मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिका आली. पुनर्मुद्रणाने एका कलावतीचा खंडित प्रवास पुन्हा सुरू केला. तेथे हे साधले, कारण तिचे काम ज्या भाषेतले आणि परंपरेतले होते, त्याच भाषेतल्या श्रोत्यांनी आणि समीक्षकांनी ते परत स्वीकारले. भारतीय तबकड्या मात्र बहुतांशी परक्या श्रोत्याकडे परततात. ‘जेजुरी’ची तुलना येथे उद्बोधक ठरते. २००५ मध्ये हे पुस्तक न्यू यॉर्कहून पुन्हा निघाले तेव्हा अमित चौधुरी यांच्या विस्तृत प्रस्तावनेने कवीला त्याच्या शहरात आणि द्विभाषिक वातावरणात ठेवून परक्या वाचकापुढे आणले. परदेशी पुनर्मुद्रण म्हणजे संदर्भाचा लोप असे समीकरण मांडण्याचे कारण नाही. फरक पडतो तो सोबतच्या संपादकीय कामाने.

हे काम करण्यास दिल्ली परिसर आज प्रतिकूल नाही. गुडगावमधील ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ (स्थापना १९८२) या संस्थेने ध्वनिमुद्रण कोणी, कोठे, केव्हा केले याच्या नोंदीची पद्धत लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताच्या संदर्भात घालून दिली आहे. याच परिसरातील अमरस रेकॉर्ड्स या संस्थेने लाखा खान यांच्यासारख्या हयात राजस्थानी कलावंतांचे संगीत त्यांच्या नावानिशी प्रसिद्ध केले आणि एकेक तबकडी स्वतः कोरून काढण्याचा मार्गही अवलंबला. २०२४ मध्ये नवी मुंबईत व्हिनाइल तबकड्या छापण्याचा कारखाना सुरू झाला, त्यामुळे छपाईसाठी परदेशावरच विसंबण्याची सक्तीही सैल झाली आहे. उणीव आहे ती १९७० च्या दशकातील शहरी, इंग्रजी गाणाऱ्या संगीताला अभ्यासाचा विषय मानण्याची. दिल्लीतच वाढलेले सुस्मित बोस हे हिंदुस्थानी संगीतातील गायकाचे पुत्र. त्यांची ‘ट्रेन टु कॅलकटा’ ही इंग्रजी गीतांची तबकडी १९७८ मध्ये निघाली, म्हणजे ‘तीन पैशाचा तमाशा’च्याच वर्षी. घरातली एक गायकी, गाण्याची दुसरी भाषा आणि श्रोत्यांचे तिसरेच शहर अशी ही रचना आहे. इंग्रजी विभाग तिला साहित्य मानत नाही, संगीत विभाग तिला शास्त्र मानत नाही आणि भाषा विभागांना ती आपली वाटत नाही.

साठ वर्षांची मुदत संपत आली आहे. २०३१ च्या आरंभापासून या काळातील तबकड्या एकामागून एक ध्वनिमुद्रणाच्या हक्कातून मोकळ्या होऊ लागतील आणि पुनर्मुद्रणांची संख्या वाढेल, असा अंदाज करणे अवघड नाही. त्या वेळी सत्तरीपलीकडचे वादक हयात असतीलच असे नाही. प्रतींची वंशावळ, कालनिश्चिती, गटांची तत्कालीन नावे, गीतकारांची द्विभाषिक पार्श्वभूमी यांची नोंद त्याआधी झाली नाही, तर त्या आवृत्त्यांच्या वेष्टनावर जे छापले जाईल तोच इतिहास ठरेल. पाठचिकित्सेची साधने मराठी अभ्यासाकडे शतकभर आहेत. ती पोथीपासून तबकडीपर्यंत आणण्यास फार मोठ्या सिद्धान्ताची गरज नाही. मुंबई, पुणे आणि दिल्ली येथील उरलेल्या वादकांकडे जाऊन त्यांची साक्ष आणि त्यांच्याजवळच्या प्रतींचे मॅट्रिक्स क्रमांक नोंदवून घेणे, येथून प्रारंभ करता येईल.