साचा इंची : एका अमेझोनी तेलबियाविषयीच्या संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन खोऱ्याचा पश्चिम भाग हे 'साचा इंची' या वेलीचे मूलस्थान होय. पेरू, इक्वेडोर, कोलंबिया, बोलिव्हिया व ब्राझील या देशांत ती नैसर्गिकरीत्या आढळते. केचुआ भाषेतील या नावाचा अर्थ 'रानातला भुईमूग' असा होतो. वनस्पतिशास्त्रीय दृष्टीने मात्र तिचा भुईमुगाशी संबंध नाही. प्लुकेनेशिया व्होल्युबिलिस हे शास्त्रीय नाव असलेली ही बहुवर्षायू वेल एरंडाच्या कुळातील आहे. तिच्या चांदणीच्या आकाराच्या फळात प्रत्येक पाकळीत एक याप्रमाणे चपट्या, गडद तपकिरी बिया असतात. गेल्या तीन दशकांत या बियांवर विपुल संशोधन झाले आणि तिला 'भविष्यातील पीक' असे बिरूदही लाभले. हे बिरूद उपलब्ध पुराव्यांवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पोषणमूल्य : भक्कम बाजू

या संशोधनाचा पाया १९९२ मध्ये हॅमेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. त्यांना बियांत ५४ टक्के तेल व २७ टक्के प्रथिने आढळली. तेलातील मेदाम्लांपैकी ४५.२ टक्के अल्फा-लिनोलेनिक म्हणजे ओमेगा-३ गटातील, तर ३६.८ टक्के लिनोलेइक म्हणजे ओमेगा-६ गटातील होती. श्रीधर साठे, हॅमेकर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या बियांतील पाण्यात विरघळणारे एक प्रथिन वेगळे केले. बियांतील एकूण प्रथिनांचा सुमारे एक तृतीयांश भाग या एकाच प्रथिनाचा असल्याचे त्यांना दिसून आले. पुढे वेगवेगळ्या देशांतील प्रयोगशाळांनी तेलाचे विश्लेषण केले. आकडे थोडेफार बदलले, पण मूळ चित्र कायम राहिले. वांग, झू व काकुडा यांच्या २०१८ च्या आढाव्यातही हेच चित्र दिसते. त्यामुळे रासायनिक घटकांविषयीचे निष्कर्ष विश्वासार्ह मानण्यास हरकत नाही.

आरोग्यविषयक दावे : पुराव्याची मर्यादा

घटकांच्या पृथक्करणावरून थेट आरोग्यलाभाच्या निष्कर्षाकडे उडी घेतली जाते, तेथे अडचण सुरू होते. अल्फा-लिनोलेनिक आम्ल आणि माशांच्या तेलातील दीर्घशृंखल ओमेगा-३ आम्ले एकच नव्हेत. मानवी शरीरात पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर अत्यल्प प्रमाणात होते. म्हणून साचा इंचीच्या तेलास 'माशांच्या तेलाचा शाकाहारी पर्याय' म्हणणे शास्त्रीय कसोटीवर उतरत नाही.

मानवी चाचण्यांची स्थितीही तपासली पाहिजे. पेरूमध्ये गार्मेंडिया व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये रक्तातील मेद वाढलेल्या २४ रुग्णांना चार महिने हे तेल दिले. एकूण कोलेस्टेरॉल घटले व उपकारक कोलेस्टेरॉल वाढले असा अहवाल त्यांनी दिला. मात्र या प्राथमिक अभ्यासात तेलाच्या दोन मात्रांची तुलना होती. तेल न घेणारा तुलनागट नव्हता. ही उणीव किती महत्त्वाची आहे, हे २०१४ मध्ये गोन्झालेस व गोन्झालेस यांनी केलेल्या दुहेरी-अंध चाचणीवरून ध्यानात येते. त्यांनी ३० प्रौढांपैकी काहींना साचा इंचीचे, तर काहींना सूर्यफुलाचे तेल दिले. एकूण कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत घटले. साचा इंचीचा वेगळेपणा उपकारक कोलेस्टेरॉलच्या वाढीपुरताच दिसला. याचा अर्थ असा की, पहिल्या अभ्यासातील घट याच तेलामुळे झाली असे म्हणता येत नाही. तरीही नंतरच्या लेखनात हे दोन्ही अभ्यास एकमेकांचे समर्थन करणारे म्हणून शेजारी-शेजारी उद्धृत होतात. आढावा-लेखनातील हा दोष गंभीर आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. कच्च्या बियांत अल्कलॉइड, सॅपोनिन व लेक्टिन ही द्रव्ये असतात. बिया भाजल्याने त्यांचे प्रमाण कमी होते. स्थानिक लोक बिया भाजून वा शिजवून खातात, त्यामागील अनुभवसिद्ध शहाणपण येथे स्पष्ट होते. बियांच्या भुकटीच्या संपर्कामुळे कामगारास दमा व नाक-डोळ्यांची ॲलर्जी झाल्याची नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. पोषणविषयक लेखनात या नोंदीला क्वचितच स्थान मिळते.

लागवड : दुर्लक्षित बाजू

तेलाच्या तुलनेत शेतावरील संशोधन तोकडे आहे. वेलीला आधारासाठी मांडव लागतो. फळे एकाच वेळी पक्व होत नसल्याने तोडणी वारंवार करावी लागते. खर्च व मजुरी यांचा हिशेब मांडल्याविना पिकाची किफायत ठरत नाही. मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी हे या पिकाचे मोठे शत्रू आहेत. शिवाय हे पीक जंगलाच्या छायेत वाढणारे व म्हणून पर्यावरणस्नेही, असा प्रचार होतो. चीनमधील शिश्वांगबान्ना येथील काई यांच्या २०११ च्या प्रयोगात मात्र सावलीमुळे फुलोरा लांबला व उत्पादन घटले. वनरक्षण आणि भरघोस उत्पादन ही दोन्ही आश्वासने एकाच वेळी देता येत नाहीत, असे यावरून दिसते. कोडाल यांनी २०२० च्या आपल्या आढाव्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले आहे, हे या दृष्टीने सूचक आहे.

ज्ञानाची मालकी

या बियांचे उपयोग प्रयोगशाळेने शोधलेले नाहीत. ते अमेझॉनमधील आदिवासी समाजांनी जपलेले आहेत. फ्रान्समधील एका कंपनीने सौंदर्यप्रसाधनांतील वापरासाठी या तेलावर पेटंट मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पेरूच्या जैवचौर्यविरोधी राष्ट्रीय आयोगाने त्यास आक्षेप घेतला आणि कंपनीने माघार घेतली. हळदीवरील अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेणाऱ्या भारतीय वाचकाला या लढ्याचे मोल वेगळे सांगावयास नको. तथापि पोषणविषयक शोधनिबंधांत मूळ ज्ञानधारकांचा उल्लेख प्रस्तावनेतील एका वाक्यापुरता उरतो. हे ज्ञान कोणाचे व लाभ कोणाला, हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेबाहेरचा मानणे योग्य नव्हे.

समारोप

साचा इंचीचे बी पोषणदृष्ट्या समृद्ध आहे, हे निर्विवाद. परंतु समृद्ध बी, सिद्ध औषध आणि किफायतशीर पीक या तीन वेगळ्या गोष्टी असून प्रत्येकीस स्वतंत्र पुरावा लागतो. आजवरचे संशोधन पहिली गोष्ट सिद्ध करते, दुसरीविषयी अल्प संकेत देते आणि तिसरीविषयी बहुतांशी मौन बाळगते. विदर्भातील शेतकऱ्याच्या परिचयाच्या जवसातही अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण याच पातळीचे असते, आणि जवसाची चटणी हा येथील आहाराचा जुना भाग आहे. म्हणून या नव्या वेलीची शिफारस करण्यापूर्वी तिची तुलना सूर्यफुलाशी नव्हे, तर जवसाशी व्हावयास हवी. मोठ्या तुलनागटासह मानवी चाचण्या, अनेक वर्षांच्या उत्पादन-खर्चाच्या नोंदी आणि मूळ समाजांचा न्याय्य वाटा ही पुढील संशोधनाची दिशा ठरावी. तोपर्यंत 'भविष्यातील पीक' हे बिरूद निष्कर्ष म्हणून नव्हे, तर तपासावयाचे गृहीतक म्हणूनच स्वीकारणे उचित ठरेल.