विरोध करणारं कुणी नसताना : फ्रेडी मर्क्युरीचा ‘मिस्टर बॅड गाय’

आज आपण फ्रेडी मर्क्युरीच्या ‘मिस्टर बॅड गाय’ या एकल अल्बमबद्दल बोलणार आहोत. तो आला एप्रिल १९८५ मध्ये. क्वीन या बँडवर तासन्‌तास बोलणारे आपण लोक या अल्बमला मात्र एका वाक्यात निकालात काढतो : आवाज मोठा, गाणी बेताची. हे वाक्य कितपत खरं आहे, ते आज तपासून बघू.

आधी वस्तुस्थिती. अकरा गाणी, अकराही त्याचीच. ध्वनिमुद्रण म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत. सहनिर्माता राइनहोल्ड मॅक, जो क्वीनबरोबरही काम करत होता. ब्रिटनमध्ये अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत पहिल्या शंभरातही आला नाही. आणि तो अर्पण केलाय जेरी नावाच्या मांजराला! म्हणजे माणूस मजेत होता, निदान कागदावर तरी.

पाचगणीचा विषय निघणारच, म्हणून तो आत्ताच घेऊ. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे आपण फार अभिमानानं सांगतो. पण त्या अभिमानातून गाणं कळत नाही. कामाची गोष्ट वेगळीच आहे. शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा, पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. म्हणजे चारचौघांत मिसळून संगीत करणं हे त्याचं पहिलं शिक्षण. ‘मिस्टर बॅड गाय’मध्ये चारचौघं आहेत, वाजवणारे उत्तम आहेत, पण ते त्याच्या सांगण्यावरून वाजवतात. आमचं म्हणणं असं की, या अल्बमचं बळ आणि दुबळेपण दोन्ही इथूनच येतं.

आता बघा, क्वीनमध्येही गाणी ज्याची तो लिहायचा. सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकायची पद्धत १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासूनची. मग बँड काय देत होता? बँड विरोध देत होता. फ्रेडीचा सूर एकीकडे ओढायचा, ब्रायन मेची गिटार दुसरीकडे. त्या ओढाताणीत गाण्याला ताण यायचा. इथे ‘लेट्स टर्न इट ऑन’ किंवा ‘युअर काइंड ऑफ लव्हर’ ऐका. उत्साह भरपूर आहे, पण गाणं जिथे सुरू होतं तिथेच संपतं. दोष सिंथेसायझरचा नाही, तो तर क्वीननंही वापरला होता. दोष एकमताचा आहे.

हे पारखायला आपल्याकडे एक दुर्मीळ सोय आहे. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्रेडी गेला. उरलेल्या तिघांनी या अल्बममधली ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही दोन गाणी घेतली, त्याचा आवाज तसाच ठेवला आणि भोवतीचं संगीत नव्यानं वाजवलं. १९९५ च्या अल्बमला नावही ‘मेड इन हेवन’ दिलं. तोच गळा, साथ वेगळी. ‘मेड इन हेवन’ निःसंशय उंचावलं, त्या गाण्याला जो भार हवा होता तो ढोल-गिटारनं दिला. दुसऱ्या गाण्याबद्दल मात्र आमचं मत वेगळं आहे. मूळ ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ नाचरं आहे, थोडं उथळ आहे, आणि ते तसंच असायला हवं. प्रेमात पडलेला माणूस भाषण करत नाही. क्वीननं त्याचं भाषण केलं. जोरदार, टाळ्या घेणारं, पण भाषणच.

इथे प्रश्न चवीपुरता राहत नाही. गेलेल्या कलावंताची निवड सुधारायचा हक्क कुणाला? मित्रांना, असं म्हणू. प्रेमानं केलं, हेही मान्य. तरी १९८५ मध्ये त्यानं निवडलेला आवाज हाच त्याचा शब्द होता, हे विसरून चालणार नाही.

‘लिव्हिंग ऑन माय ओन’ हे एकटेपणाचं गाणं. नाच चालू ठेवून, मध्येच अर्थहीन अक्षरांच्या ताना घेत तो ते गातो. त्याचा व्हिडिओ म्युनिकमधल्या त्याच्या ३९ व्या वाढदिवसाच्या पार्टीत चित्रित झाला. गच्च भरलेल्या खोलीत एकटेपणा! हा विरोध त्यानं बाहेरून आणला नाही, गाण्याच्या पोटातूनच काढला. ‘माय लव्ह इज डेंजरस’मध्येही तसंच, रेगेच्या सैल चालीतून गाणं एकदम रॉकमध्ये झेप घेतं. आता हे शीर्षक ऐकून पुढच्या आजाराची चाहूल शोधायचा मोह होतो. तो टाळावा. निदान १९८७ मधलं. मरणाच्या उजेडात मागचं सगळंच भविष्यवाणी वाटायला लागतं, आणि गाणं ऐकायचं राहून जातं.

अल्बम आल्यावर तीन महिन्यांच्या आत, १३ जुलै १९८५ ला, तो ‘लाइव्ह एड’साठी वेम्बलीच्या मंचावर उभा राहिला. क्वीनबरोबर. या अल्बममधलं एकही गाणं तिथे झालं नाही. जगाच्या लक्षात तो दिवस राहिला, अल्बम मागे पडला. न्याय झाला का? अर्धा. आपल्या त्या वाक्यातलं ‘बेताची’ हे अकरापैकी निम्म्या गाण्यांना लागू पडतं. उरलेल्या गाण्यांत आपल्याला असा फ्रेडी भेटतो, ज्याला अडवायला कुणी नव्हतं म्हणून त्यानं स्वतःलाच अडवलं.

घरी गेल्यावर ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ दोन्ही रूपांत ऐका. आधी १९८५ चं, मग १९९५ चं. क्रम उलटा करू नका, नाहीतर पहिलं ऐकूच येणार नाही. आमच्याशी सहमत व्हा असा आग्रह नाही. एकमतानं काय होतं, ते आत्ताच बघितलं.