दारात रणगाडे, घरात सासूबाई

सुआद अमिरी यांचं ‘शेरॉन अँड माय मदर-इन-लॉ’ हे पुस्तक मी गेल्या वर्षी पुन्हा वाचलं. गाझातून रोज मृतांचे आकडे येत असताना रामल्लामधल्या एका घरातली सासू-सुनेची कुरबूर वाचून हसावं का, हा प्रश्न मला छळत होता.

अमिरी वास्तुरचनाकार आहेत. पॅलेस्टाइनमधल्या जुन्या वास्तू जपणारी ‘रिवाक’ ही संस्था त्यांनी स्थापन केली. त्या राहतात तो वेस्ट बँक 1967पासून इस्रायलच्या लष्करी ताब्यात आहे. 2002मध्ये सैन्य रामल्लात शिरलं, यासर अराफत यांच्या मुख्यालयाला वेढा पडला. त्याच परिसरात राहणाऱ्या, नव्वदी ओलांडलेल्या सासूबाईंना अमिरी आपल्या घरी घेऊन आल्या. बाहेर संचारबंदी, आत सासूबाईंची शिस्त. सुटका दोन्हींतून नाही. मित्रमंडळींना पाठवलेल्या ईमेलमधून हे लेखन आकाराला आलं.

सगळ्यात बोचरा प्रसंग नुरा या कुत्रीचा आहे. लस टोचून घेताना तिला जेरुसलेमचा कागद मिळतो. तिच्या मालकिणीला मात्र तिथं जायला परवाना लागतो. मग नाक्यावर अमिरी सैनिकाला सांगतात की, मी या कुत्रीची ड्रायव्हर आहे! इथं हसू येतं आणि लगेच विरतं. कारण हास्यास्पद काय आहे, तर तो नियम. माणसांचं दुःख नव्हे.

पुस्तकाला मर्यादा आहेत. मोटार, स्वतःचं घर, परदेशातले स्नेही असलेल्या मध्यमवर्गीय बाईची ही नजर आहे. रामल्लाला खेटून असलेली अल-अमारीची निर्वासित छावणी या पानांत फारशी येत नाही. तिथल्या बाईला असं मिस्कील होणं परवडलं असतं का, ही शंका मला आहेच. प्रसंगही तेच ते येतात : परवाना, नाका, वाट पाहणं. पहिल्या वाचनात मी त्याला दोष मानला होता. आता वाटतं, तेच तर सांगायचं आहे. ताबा जमिनीवर असतो, तसा माणसाच्या वेळेवरही असतो. आणि वाया गेलेल्या तासांची नोंद कुठल्याच बातमीत होत नाही.

म्हणून माझ्या प्रश्नाचं उत्तर : हसावं. फक्त आपण कशाला हसतोय, ते विसरू नये.