रोमन ब्राँझ नाण्यांवरील देवता व राजस्त्रिया
रोमन साम्राज्यातील सोन्याचांदीखेरीज इतर नाण्यांना रूढीने ब्राँझ नाणी म्हणतात. वस्तुतः त्यांपैकी सेस्टर्शियस व ड्यूपाँडियस ही नाणी तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूची, म्हणजे पितळेची, असत. सेस्टर्शियसचे वजन सु. २५ ग्रॅ. व व्यास ३ सेंमी.हून अधिक असल्याने मुद्राकाराला त्यावर प्रशस्त पृष्ठभाग लाभे. रोमन व्यक्तिचित्रण या नाण्यांवर विशेष खुलले.

आरंभी राजस्त्री देवतेच्या आड राहिली. टायबीरिअसच्या इ. स. २२–२३ मधील ड्यूपाँडियसवर एका स्त्रीचे मस्तक असून खाली ‘सालुस आउगुस्ता’ हे आरोग्यदेवतेचे नाव आहे. ते मस्तक सम्राटमाता लिव्हियाचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच काळातील एका सेस्टर्शियसवर लिव्हियाचे नाव आहे. तेथे मात्र चेहरा नसून खेचरांचा रथ आहे. नाव आणि रूप यांची ही फारकत योगायोगाची वाटत नाही.

कॅलिग्यूलाने सेस्टर्शियसवर (३७-३८) आपल्या तीन बहिणींना नावांसह सुरक्षितता, एकोपा व भाग्य यांच्या देवतांच्या रूपात दाखविले. रचना सुबक आहे, परंतु तिघींचे बांधे सारखेच. भेद केवळ स्तंभ, अर्घ्यपात्र व सुकाणू यांचा. द्रुसिल्ला ३८ मध्ये वारली, उरलेल्या दोघी ३९ मध्ये हद्दपार झाल्या. ४३ मध्ये सीनेटने कॅलिग्यूलाची ब्राँझ नाणी वितळविण्याचे ठरविले. तरीही काही वाचली.

अँटोनाइन काळात राजस्त्रीचा चेहरा दर्शनी बाजूवर स्थिरावला. थोरल्या फाउस्टीनाच्या मृत्यूनंतर (१४०) व धाकटीला ‘आउगुस्ता’ पदवी मिळाल्यावर (१४७) निघालेल्या नाण्यांत केशरचनेचे बारकावे व मुद्रेवरील भाव मनापासून कोरलेले आहेत. मागील बाजूच्या जूनो, व्हीनस, सेरीझ इ. देवता मात्र पुष्कळदा सरकारी साच्यातल्या वाटतात. धाकटीचे एक नाणे यास अपवाद आहे. त्यावर देवता नाहीच. एका आसनावर दोन तान्ही मुले असून भोवती ‘युगाचे सुख’ या अर्थाचा लेख आहे. ही १६१ मध्ये जन्मलेली जुळी मुले होत. त्यांपैकी कॉमोडस पुढे सम्राट झाला. दुसरा, अँटोनायनस, सु. चार वर्षांचा असताना वारला.